‘आर्ट्सवाल्यांना अमेरिकेत सहज अ‍ॅडमिशन’ : त्या फॉरवर्डला उत्तर

‘पालकांनी जरूर वाचा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. त्याचा सारांश असा : अमेरिकेतल्या बड्या युनिव्हर्सिट्यांना आर्ट्सची मुलं मिळत नाहीत, म्हणून भारतातून आर्ट्ससाठी अर्ज केला की काम सोपं. आयव्ही लीगची, म्हणजे तिथल्या जुन्या नामांकित युनिव्हर्सिट्यांच्या गटाची, आठही कॉलेजं भरा. आत गेल्यावर कॉम्प्युटर सायन्सला बदलून घ्या. फॉर्ममध्ये ‘आर्थिक मदत हवी का?’ असं विचारलं तर बिनधास्त ‘नाही’ लिहा, कारण मागितली की नाव कापतात आणि प्रवेशानंतर ती मागता येतेच. शेवटचा सल्ला, इथली कॉलेजं यादीत ठेवूच नका, मुलांची जिद्द कमी होते.

असले मेसेज मी न वाचताच पुसते. पण हा दादाने घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘हिचं असंच करू या.’ ही म्हणजे माझी भाची. बारावी आर्ट्स, इतिहास घ्यायचाय, मोडी वाचते. गेल्या दिवाळीत पणजोबांचं एक खरेदीखत तिने जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि सलग रेघेखाली लटकलेली ती अक्षरं बोट फिरवत सुटी केली. ‘शके’ आणि ‘बिघे’ एवढंच मला कळलं.

पैशांच्या मुद्द्यापासून सुरुवात करते. बाकीच्या सल्ल्यांनी फार तर एक वर्ष वाया जाईल, याने घर बसेल.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट ही परदेशी मुलांच्या बाबतीतही ‘नीड-ब्लाइंड’ आहेत. म्हणजे प्रवेश ठरवताना तुम्ही मदत मागितली की नाही हे पाहत नाहीत. तिथे ‘नाही’ लिहून काय मिळवलंत? शून्य. इतर बहुतेक ठिकाणी परदेशी अर्जदाराने मदत मागितल्याचा परिणाम होतो, तेवढं मेसेजवाल्याचं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. ज्यांच्याकडे खरोखर पैसे आहेत त्यांनी खुशाल ‘नाही’ लिहावं. पण ‘नंतर मागता येते’ हे कुठून काढलं? स्टॅनफर्डचा नियम त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर स्वच्छ लिहिलाय : परदेशी विद्यार्थ्याने अर्ज करताना मदत मागितली नाही, तर पुढच्या चारही वर्षांत ती मागता येणार नाही. पहिल्या वर्षी नाही, तिसऱ्या वर्षी नाही, बाबांची नोकरी गेली म्हणूनही नाही. असा नियम ठेवणारं ते एकटं नाही. तेव्हा यादीतल्या प्रत्येक कॉलेजचं हे पान उघडून वाचायचं, कुणाच्या मेव्हण्याचा अनुभव विचारायचा नाही.

आता हिशोब. मोठ्या खासगी युनिव्हर्सिटीत फी, राहणं आणि जेवण मिळून वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर जातात. डॉलर ८५ रुपयांना धरला तरी चार वर्षांचे अडीच कोटींच्या पुढे. आणि व्हिसासाठी लागणारा आय-२० देण्याआधी कॉलेज निदान पहिल्या वर्षाच्या पैशांचा पुरावा मागतं. ‘आधी मिळू दे, मग बघू’ हे तिथेच, मे महिन्यात, संपतं. दादाचा फ्लॅट सिंहगड रोडला आहे, मलबार हिलला नाही.

कॉम्प्युटर सायन्सची पळवाट तर निव्वळ उचलली जीभ लावली टाळ्याला. हार्वर्ड मुलांना कॉलेजात घेतं, विषयात नाही. विषय नंतर ठरतो, त्यामुळे फॉर्मवर ‘इतिहास’ लिहून कुठलं मागचं दार उघडत नाही. आणि जिथे कॉम्प्युटर सायन्सचा प्रवेश वेगळा असतो तिथे मागचं दार मुद्दाम बुजवलेलं आहे. कार्नेगी मेलन घ्या, सिअ‍ॅटलचं युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन घ्या. बर्कलीने तर २०२३च्या बॅचपासून आतून बदलून येणं फारच अवघड केलं. शिवाय खोट्या इतिहासप्रेमाचा निबंध कोण लिहून देणार?

भारतातून आर्ट्सचे अर्जदार कमी, म्हणून तुम्ही वेगळे दिसता, हे काही प्रमाणात खरं असेल. पण वेगळं दिसणं म्हणजे निवड होणं नव्हे. हार्वर्ड शंभरातल्या जेमतेम तीन-चार जणांना घेतं. अशी आठ नावं एकाखाली एक लिहिली की यादी होत नाही, लॉटरीची आठ तिकिटं होतात. कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे एकाच फॉर्मने अनेक कॉलेजांना अर्ज करायच्या वेबसाइटवर, जास्तीत जास्त वीस कॉलेजं भरता येतात. बऱ्याच ठिकाणी अर्जाची फी ५० ते १०० डॉलर (ग्रिनेल, स्मिथ अशी काही चांगली छोटी कॉलेजं ती घेतही नाहीत). शिवाय शाळेने भरायचा रिपोर्ट आणि शिक्षकांची पत्रं. आपल्या ज्युनिअर कॉलेजात हे काम कोण करतं, ते ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून एकदा विचारा.

इतिहासाच्या मुलीने यादी विभाग पाहून करायची. आपण ऑनलाइन मोल्सवर्थचा मराठी शब्दकोश उघडतो तो शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर. तिथे दक्षिण आशियाई भाषा आणि संस्कृतींचा स्वतंत्र विभाग आहे, युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियातही दक्षिण आशियाचा आहे. ही दोन नावं हिच्यासाठी वरच्या खान्यात, कारण प्रवेश तिथेही कठीणच. त्याखाली मदत देणारी, पण जरा जास्त मुलं घेणारी चार-पाच छोटी कॉलेजं. आणि तळाला अशी, जिथे प्रवेश जवळपास नक्की, फी परवडते आणि जायला रडू येत नाही.

ही तळाची नावं म्हणजे मेसेजवाल्याच्या मते जिद्दीला सुरुंग. अहो, पुण्यात टिळक रोडवरच्या एसपी कॉलेजातून भारत इतिहास संशोधक मंडळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९१०पासून तिथे माणसं कागद वाचत बसली आहेत. पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, याच शहरात. मराठ्यांचा इतिहास शिकायचा म्हणून परदेशातले अभ्यासक पुण्यात येऊन राहतात, आणि आम्ही पोरीला सांगायचं की इथे राहिलीस तर हरलीस! फर्ग्युसन आहे, लवळ्याचं फ्लेम आणि विमाननगरचं सिम्बायोसिसचं लिबरल आर्ट्सही आहे, पण या शेवटच्या दोघांची फी लाखांत, तेव्हा त्यांना डोळे मिटून तळाला टाकू नका.

दिल्ली विद्यापीठ हवं असेल तर तारखांकडे लक्ष. आयव्हीचे निकाल मार्चअखेर लागतात. दिल्लीच्या प्रवेशासाठी द्यावी लागणाऱ्या सीयूईटी या परीक्षेची नोंदणी २०२५ मध्ये त्याआधीच बंद झाली होती. तिकडून नकार आला की इकडचं बघू, म्हणणाऱ्याला इकडेही काही उरत नाही. दादाला सांगितलंय, फॉर्म निघाला की पहिल्या आठवड्यात भर, आणि पेपर निवडताना तिच्या बारावीच्या विषयांशी ताडून बघ, कारण बारावीला नसलेल्या विषयाचे मार्क दिल्ली धरत नाही.