‘टॅबला माऊस चालत नाही’? आधी माऊस उलटा करून बघा

व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा: टॅबला वायरलेस माऊस चालत नाही, चालवायचाच तर वेगळं ॲप घ्यावं लागतं, आयपॅडला फक्त ॲपलचाच माऊस लागतो, आणि डोंगल (माऊससोबत येणारा, यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा) लावला की बॅटरी झपाट्याने उतरते. यातलं काहीही खरं नाही, आणि असल्या मेसेजपायी चांगले माऊस कपाटात पडून राहतात.

‘चालत नाही.’ अँड्रॉइडमध्ये माऊसची सोय ३.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून आहे. बहुतेकांची गल्लत होते ती दुसरीकडेच. वायरलेस माऊस दोन जातींचे असतात. माऊस उलटा करा, सेलचं झाकण उघडा. आत खाचेत नखाएवढा यूएसबी डोंगल बसवलेला असेल आणि खाली ब्लूटूथचं चिन्ह कुठेच नसेल, तर तो माऊस ब्लूटूथच्या यादीत कधीच दिसणार नाही, कितीही शोधा. त्याला टाइप-सी ओटीजी कनेक्टर, म्हणजे टॅबच्या टाइप-सी भोकात यूएसबीची वस्तू लावू देणारा छोटा जोड, घ्या, डोंगल त्यात खोचा आणि टॅबला लावा. काही सेकंदांत पडद्यावर बाण येतो. नाही आला, तर सेटिंग्जमध्ये ‘ओटीजी’ शोधा. काही टॅबमध्ये हे बटण हाताने चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापर नसला की ते आपोआप बंद होतं. ‘काल चालत होता, आज नाही’ या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं.

ब्लूटूथचा माऊस असेल तर खालचं पेअरिंगचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत, साधारण तीन सेकंद, दाबून धरा आणि मग टॅबच्या यादीत नाव निवडा. जुन्या माऊसने पिन मागितला तर ०००० टाकून बघा. माऊस आधी लॅपटॉपला जोडलेला असेल आणि तो लॅपटॉप जवळच चालू असेल, तर माऊस तिकडेच जातो. लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद करून पुन्हा प्रयत्न करा. दोन्ही सोयी असलेल्या माऊसवर खटका डोंगलच्या बाजूला राहिलेला नाही ना, तेही बघा.

‘ॲप लागतं.’ मुळीच नाही. बाण, क्लिक, चाक हे सगळं अँड्रॉइड स्वतः सांभाळतं आणि बाणाचा वेगही सेटिंग्जमध्येच बदलतो. उलट, माऊस चालवून देतो म्हणणारं ॲप ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असेल तर देऊ नका. ती मिळाली की पडद्यावरचं सगळं त्याला वाचता येतं.

‘आयपॅडला ॲपलचाच.’ मार्च २०२० मधल्या आयपॅडओएस १३.४ पासून कुठल्याही कंपनीचा साधा ब्लूटूथ माऊस चालतो. आयपॅडओएस २६ (२०२५) च्या आधीच्या आवृत्त्यांत बाणाऐवजी गोल ठिपका दिसतो, म्हणून काहींना बिघाड वाटतो. तिथे तो तसाच असतो. उजवं क्लिक चालत नसेल तर सेटिंग्ज, जनरल, ‘ट्रॅकपॅड अँड माऊस’ इथे सेकंडरी क्लिक चालू करा. माऊस जोडल्याशिवाय ही ओळ दिसतच नाही, त्यामुळे जोडण्याआधी शोधू नका.

‘बॅटरी उतरते.’ डोंगल अगदी थोडी वीज घेतो. टॅबची बॅटरी खातो तो मुख्यतः पडदा. खरी अडचण वेगळी आहे: बहुतेक टॅबला टाइप-सीचं एकच भोक असतं आणि ते डोंगलने अडवलं की चार्जर लावता येत नाही. त्यासाठी चार्जिंग आत घेणारा हब, म्हणजे एका भोकाची अनेक भोकं करून देणारा जोड, लागतो. अशा हबवर यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह डोंगलला खेटून लावला तर बाण अडखळतो, कारण पेनड्राइव्हमुळे होणारा रेडिओ लहरींचा गोंगाट डोंगलच्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात येतो. वीतभर लांबीची एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल बाजूला घ्या.