‘एक्सएमएल मेलंय’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

चवथीपासून आमच्या फोंड्याच्या ग्रुपात एक मेसेज फिरतोय, मला तिघांनी वेगवेगळा पाठवला: “एक्सएमएल मेलंय. मेमरी खातं, जागा खातं, इंडेक्स होत नाही. डेटा मोठा असेल तर सगळं जेसन करून मोंगोडीबीत टाका, नाहीतर टेक्स्ट कॉलमात कोंबा आणि लाईकने शोधा.” (एक्सएमएल म्हणजे टॅगांच्या खुणा लावून माहिती ठेवायची पद्धत, जेसन ही तशीच दुसरी, मोंगोडीबी हा डेटाबेस, लाईक म्हणजे डेटाबेसात अक्षरं जुळवून शोधणं, नि इंडेक्स म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधायची यादी.) आम्ही जुन्या मराठी वर्तमानपत्रांची स्कॅनं हाताळतो, ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) झालं की दर पानाची एक आल्टो फाईल पडते, ती एक्सएमएलच, आत प्रत्येक शब्द आणि तो पानावर नेमका कुठे आहे त्याचे आकडे. म्हणून हे लिहायला बसलो.

मेमरी खातं? अख्खी फाईल डोम करून, म्हणजे सगळी एकदम रॅममध्ये मांडून, उघडली तर खाणारच, १ जीबीच्या फाईलला कित्येक जीबी रॅम जाते. फाईल तुकड्यातुकड्याने वाचणारं सॅक्स घ्या, पायथनात असाल तर तसंच इटरपार्स घ्या, एकेक तुकडा वाचायचा नि मेमरीतून क्लियर करायचा. (क्लियर विसरलात तर इटरपार्सही मशीन झोपवतो. मी विसरलेलो.) विकिपीडियाच्या लेखांचे डंप, म्हणजे एकगठ्ठा फाईली, एक्सएमएलमध्येच येतात आणि लोक ते साध्या लॅपटॉपवर असेच वाचतात.

जागेचं म्हणाल तर तेच तेच टॅग परत परत येतात, जीझिप केलं की ते चेपून जातात. पुढे.

आता लाईक. हा सल्ला ज्याने दिला त्याने मराठी डेटा कधी बघितलेला नाही. ‘गोवा’ एका फाईलीत सरळ देवनागरीत असतो, दुसरीत ‘ग’च्या जागी २३२७ हा आकडी कोड असतो, पार्सरला (एक्सएमएल वाचणाऱ्या प्रोग्रॅमला) दोन्ही सारखेच पण लाईकला दुसरा दिसतच नाही. ‘दुसऱ्या’तला ऱ कधी एकच अक्षर म्हणून येतो, कधी र आणि खाली नुक्ता (टिंब) असा दोन तुकड्यांत, हे तर पार्सरही सारखं करून देत नाही, आत घेतानाच नॉर्मलाईज, म्हणजे एकाच रूपात, करावं लागतं. त्यात लाईकच्या शब्दाला दोन्हीकडे टक्के (% म्हणजे ‘इथे काहीही चालेल’) लावले की साधा इंडेक्स बाजूला राहतो आणि सगळ्या ओळी पहिल्यापासून चाळल्या जातात.

इंडेक्स होत नाही हे अर्धंच खरं. पोस्टग्रेस ह्या डेटाबेसमध्ये एक्सएमएल कॉलमावर सरळ इंडेक्स बसत नाही कारण त्या टाईपला तुलनेचे ऑपरेटरच नाहीत, पण एक्सपाथने (एक्सएमएलमधली जागा सांगायची भाषा) काढलेल्या किमतीवर एक्स्प्रेशन इंडेक्स बसतो, आणि आवृत्ती १० पासून एक्सएमएलच्या ओळी-कॉलम करून देणारं एक्सएमएलटेबल आहे, तारीख, पान, अंक असलं लागेल तेवढं साध्या कॉलमांत काढा नि मूळ एक्सएमएल शेजारी ठेवा. शब्दांसाठी आम्ही बेसएक्स हा एक्सएमएलचा डेटाबेस वापरतो, फुकट आहे. त्यात आम्ही पहिल्यांदा फुलटेक्स्ट इंडेक्स बांधला आणि काहीच फरक पडला नाही, कारण आल्टोत शब्द अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, म्हणजे टॅगच्या आतच, असतो नि तो इंडेक्स फक्त टेक्स्ट नोडांचा, म्हणजे टॅगांमधल्या मजकुराचा. कामाचा होता तो अ‍ॅट्रिब्यूट इंडेक्स, जो आपोआप बांधला जातो. मग नवीन पानं घातली आणि परत सगळं हळू, तेव्हा कळलं की अपडेटनंतर ऑप्टिमाईझ (इंडेक्स परत बांधायची आज्ञा) चालवावं लागतं. मर्यादा आहेच, एका डेटाबेसात साधारण २१४ कोटी नोड, म्हणजे असले एकेक घटक. पानाला ३००० शब्द, शब्दामागे एक एलिमेंट आणि सहा अ‍ॅट्रिब्यूट धरले तर २१ हजार नोड, म्हणजे लाखभर पानांत डेटाबेस भरला. आम्ही वर्षवार तोडलेत, एक्सक्वेरी (एक्सएमएलमध्ये शोधायची भाषा) एकाच वेळी अनेक डेटाबेसांत विचारता येते.

जेसनबद्दल माझं वाकडं नाही, सपाट फॉर्मसारखा डेटा असेल तर तेच बरं, आयकराची रिटर्नंही २०२१-२२ च्या आकारणी वर्षापासून एक्सएमएल सोडून जेसनवर गेली. पण आमच्या काही जुन्या अंकांत एका कॉलमात पोर्तुगीज नि शेजारी मराठी, तिथे भाषेची खूण, क्रम, सगळं जपायचं असतं. एक्सएमएलचं जेसन करणाऱ्या कन्व्हर्टरला पानावर एक जाहिरात दिसली की तो ऑब्जेक्ट (एकटी वस्तू) करतो, दोन दिसल्या की यादी, म्हणजे अ‍ॅरे, मग प्रत्येक क्वेरी दोनदा लिहा. ‘००४५’ हा अंक क्रमांक काही कन्व्हर्टर ४५ करून टाकतात. वर मोंगोडीबीत एक डॉक्युमेंट १६ एमबीच्या पुढे जात नाही, वर्षाचा गठ्ठा तसाच टाकू म्हणाल तर तोडण्याचं काम तिथेही आहेच.

आणि मेलंय म्हणता, तर वर्डच्या कुठल्याही डॉकएक्स फाईलची कॉपी करा, तिचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा नि उघडून बघा, आत एक्सएमएलच आहे.