‘रॉयल्टी घरबसल्या’ येत नाही : एसी रिपेअरिंगची फ्रँचायझी देण्याआधी

सोलापुरातल्या व्यापारी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा : ‘तुमचं एसी-फ्रीज रिपेअरिंगचं दुकान चालतंय ना? मग पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटला फ्रँचायझी द्या. पैसा दुसऱ्याचा, नाव तुमचं. दोन दिवस ट्रेनिंग द्या, स्टॅम्पवर करार करा आणि विक्रीवर 10 टक्के रॉयल्टी घरबसल्या मोजा. ट्रेडमार्क वगैरे नंतर बघू.’ फ्रँचायझी देऊच नये असं आमचं म्हणणं नाही. पण या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य सर्व्हिसच्या धंद्याला लावलं की गळतं.

आधी 10 टक्क्यांचं बघू, कारण पुढची निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. समजा पंढरपूरच्या शाखेची महिन्याची विक्री 1,50,000 रुपये आहे. गॅस आणि स्पेअर पार्टचे 35 टक्के, म्हणजे 52,500. दोन मेकॅनिकचे प्रत्येकी 18,000 धरून 36,000. गाळाभाडं 10,000, पेट्रोल 8,000, फोन-जाहिरात 8,000. हातात राहिले 35,500. त्यातून रॉयल्टीचे 15,000 गेले की 20,500 उरतात. रॉयल्टीवर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 2,700. या शाखेची वर्षाची विक्री 18 लाख, म्हणजे जीएसटी नोंदणीच्या 20 लाखांच्या मर्यादेच्या आत. तिने जीएसटी नोंदणी घेतली नसेल तर या 2,700 चं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, ते खिशातूनच जातात. उरले 17,800. भांडवल घातलेल्या मालकाला त्याच्याच मेकॅनिकपेक्षा 200 रुपये कमी! असा माणूस तिसऱ्या महिन्यापासून बिलं फाडायचं कमी करणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून रॉयल्टी फक्त मजुरीवर घ्या. गॅस, कपॅसिटर, पीसीबी (सर्किट बोर्ड) अशा मालावर घेऊ नका. वरच्याच आकड्यांत मजुरी 97,500, तिच्यावर 10 टक्के म्हणजे 9,750. जीएसटी धरूनही शाखेच्या मालकाकडे सुमारे 24,000 राहतात. दरमहा किमान रॉयल्टीची अट तर घालूच नका. एसीचं काम मार्च ते जूनमध्ये उसळतं आणि पावसाळ्यात बसतं. किमान आकडा ठरवायचाच असेल तर तो वर्षाचा ठरवा.

आता ‘घरबसल्या’. ती 9,750 ची रॉयल्टी मुख्य दुकानात फोन उचलणाऱ्या एका माणसाच्या पगारालाही पुरायची नाही. आणि तो माणूस ठेवावाच लागतो, कारण बुकिंगचा नंबर शाखेच्या हातात दिला की गिऱ्हाईक शाखेचं झालं. अक्कलकोटकडचे कॉल घ्यायचे तर त्याला कानडी यायला हवं, शहरातल्या पूर्व भागासाठी तेलुगू. शिवाय महिन्यातून एकदा कुणीतरी शाखेत जाऊन बसायला हवं. पंढरपूर आणि बार्शी दोन्ही सत्तरेक किलोमीटरवर आहेत, म्हणजे जाण्यायेण्यात आणि तपासणीत एक दिवस गेलाच. खर्च किमान तीन-चार शाखांवर वाटला गेला तरच हे गणित जमतं.

तपासणीत बिलबुक चाळून काही हाती लागत नाही. सिलिंडर तोला. दीड टनाच्या स्प्लिट एसीत आर-32 हा गारव्याचा गॅस साधारण किलोच्या आतबाहेर बसतो. महिन्यात 9 किलो गॅस संपला आणि गॅस भरल्याची बिलं चारच असतील, तर उरलेली कामं रोखीत, मेकॅनिकच्या स्वतःच्या नंबरवर झाली आहेत किंवा गॅस वाया जातोय. दोन्हींत बोलावंच लागेल. कपॅसिटर किती खरेदी केले आणि किती बसवले, हाही असाच मेळ. जॉब कार्डांना, म्हणजे प्रत्येक कामाच्या नोंदीच्या कार्डांना, छापील क्रमांक हवेत. रद्द झालेलं कार्डसुद्धा परत यायला हवं.

‘दोन दिवस ट्रेनिंग’ हे वाक्य लिहिणाऱ्याने एसीचा पाइप जोडणारा फ्लेअर नट कधी आवळलेला नसावा. सोलापूरची चादर एकाच ठिकाणी विणून कुठेही विकता येते. सर्व्हिस मात्र प्रत्येक गिऱ्हाईकाच्या भिंतीवर नव्याने विणावी लागते. ‘गॅस नीट भरावा’ असं मॅन्युअलमध्ये लिहून भागत नाही. आधी नायट्रोजनने दाब देऊन साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासा. मग व्हॅक्यूम पंपाने पाइपमधली हवा ओढून दाब 500 मायक्रॉनपर्यंत (निर्वात मोजायचं माप) खाली आणा, पंप बंद करून काटा चढतो का ते बघा. गॅस भरायचा तो एसीच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतकाच, तराजूवर. दाबाच्या गेजच्या अंदाजाने नाही. आर-32 पेट घेऊ शकतो, त्यामुळे गॅस शिल्लक असलेल्या पाइपला डाग द्यायचा ज्योतीचा टॉर्च लावायचा नाही. आर-410ए हा दुसरा गॅस म्हणजे दोन वायूंचं मिश्रण, तो द्रवरूपातच सोडायचा. इनडोअरच्या ड्रेन पाइपला सलग उतार हवा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात भिंतीवर पाणी.

हे न शिकवलं तर काय होतं? मेकॅनिक लीक न शोधता दर वर्षी ‘टॉप-अप’ करतो. गिऱ्हाईक दोनदा पैसे देतं, तिसऱ्यांदा तुमचं नाव घेऊन शिव्या देतं. त्या शिव्या बार्शीत पडतात, पण ऐकू सोलापुरात येतात. निदान 15 दिवस तुमच्या मेकॅनिकच्या हाताखाली काम, आणि शेवटी त्याने बसवलेल्या 10 एसींच्या जोडण्या फोटोसकट तपासून मगच पाटी द्या. 30 दिवसांत तीच तक्रार परत आली तर दुरुस्ती शाखेने फुकट करायची. 48 तासांत केली नाही तर तुम्ही माणूस पाठवायचा आणि खर्च शाखेने ठेवलेल्या डिपॉझिटमधून कापायचा, हे करारात असू द्या.

करारावरून आठवलं. स्टॅम्प किती रुपयांचा यावर करार भक्कम ठरत नाही. मुद्रांक कमी पडला तर मात्र फरक आणि दंड भरेपर्यंत तो पुराव्यात घेतला जात नाही. आपल्याकडे फ्रँचायझीचा स्वतंत्र कायदा नाही, बहुतेक भार 1872 च्या करार कायद्यावर. त्याच्या कलम 27 मुळे ‘करार संपल्यावर तू हा धंदा करायचा नाहीस’ ही अट सहसा टिकत नाही. नेटवरून उतरवलेल्या नमुन्यांत ती हमखास असते आणि लोक तिच्याच भरवशावर झोपतात. धरून ठेवण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत : बुकिंगचा नंबर, गूगल मॅपवरच्या नोंदीची मालकी, गिऱ्हाइकांची यादी आणि पाटी. चारही पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर हव्यात.

पाटीचा मुद्दा मेसेजने ‘नंतर बघू’ म्हणून उडवलाय. नाव तुमचं नसेल तर फ्रँचायझीत विकताय काय? ट्रेडमार्क, म्हणजे नावाची नोंदणी, धंद्याच्या वर्गानुसार होते; रिपेअरिंगसाठी वर्ग 37. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला 4,500 रुपये, आणि आधी शोध घेणं फुकट आहे. ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापल्यानंतर 4 महिने हरकतीसाठी असतात, नोंदणी 10 वर्षांची. तोवर नावापुढे ‘टीएम’ लावा. गोलातला ‘आर’ नोंदणीआधी लावणं गुन्हा आहे. आणि दुकानाचं नाव ‘सिद्धेश्वर’ किंवा ‘रूपाभवानी’ असं गावातल्या दैवताचं असेल तर सात रस्त्यापासून टिळक चौकापर्यंत एक चक्कर मारा, पाट्या मोजा. असलं नाव एकट्याचं करून घेणं अवघड. वेगळं नाव जोडून आधी ते रुळवा.

राहता राहिलं ‘पैसा दुसऱ्याचा’. पहिला पैसा तुमचाच लागतो. जुळे सोलापुरात किंवा होटगी रोडला स्वतःची दुसरी शाखा काढा. मार्च ते जूनचा एक पूर्ण सीझन तिथे पाना हातात घ्यायचा नाही, फक्त जॉब कार्डं आणि तराजू बघायचा. तुम्हाला तिथे धावत जावं लागलं असं प्रत्येक काम वहीत लिहा. मॅन्युअलमध्ये जे राहून गेलंय त्याची यादी त्या वहीत मिळेल.