मराठी माणूस धंद्यात उतरतो

समाजमाध्यमांवर पसरणाऱ्या निंदेला उत्तर देता येते, कौतुकाला देता येत नाही, हे मला गेल्या गणेशोत्सवाच्या तोंडावर कळले. पेणच्या मूर्तींच्या मांडवात आमची मूर्ती ठरवायला गेलो असता तेथील गृहस्थ ‘साहेब, जरा गल्ल्यावर बसता का, चहा घेऊन येतो’ असे म्हणून गेले आणि तेवढ्यात पुतण्याने माझे छायाचित्र काढून ‘काकांची नवी इनिंग’ या शीर्षकाखाली कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले.

२०१८ पासून भारतात कोणताही संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येत नाही. अफवांना आळा बसावा म्हणून घातलेली ही मर्यादा आमच्या वहिनींना मात्र पुरून उरली. माहेर, सासर, सोसायटी, भिशी आणि शाळेचा वर्ग एवढ्यात ओळखीचे सारे जग येते. वाटेत शीर्षक गळाले आणि ज्याने त्याने आपापले जोडले. कुठे मी नोकरी जाऊनही न खचलेला झालो, कुठे स्वेच्छानिवृत्ती घेऊन कलेला वाहून घेतलेला आणि बहुतेक ठिकाणी ‘अखेर धंद्यात उतरलेला मराठी माणूस’. ज्या कार्यालयात मी रीतसर काम करत होतो, तेथील शिपायानेही निरोप समारंभ कधी आहे, असे हळूच विचारले.

‘मी नुसता बसलो होतो’ असे लिहिले, तर ‘सुरुवात बसण्यानेच होते’ असे उत्तर आले. ‘ते दुकान माझे नाही’ म्हटले, तर ‘खरेच, सगळे गणरायाचेच!’ खुलासा करावा तर कष्टाची लाज वाटते असे ठरायचे, गप्प बसावे तर दुकानदार. खुलाशाला अंगठे भरपूर मिळाले. तो पुढे मात्र कुणी पाठवला नाही.

मग मागण्या सुरू झाल्या. ‘शाडूची, नऊ इंची, घरचाच भाव लावा.’ एका पर्यावरणप्रेमी स्नेह्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना पाठवून, माझ्या मागची उंच मूर्ती प्लास्टरची दिसते, याचा जाब विचारला. न्यू जर्सीच्या मावसभावाला मी कळवले, की परदेशी जाणाऱ्या मूर्ती उत्सवाच्या कित्येक महिने आधीच बोटीने रवाना होतात. एवढे ठाऊक असलेला माणूस या व्यवसायात नाही, यावर त्याचा विश्वास बसेना.

बँकेतून निवृत्त झालेले आमचे मामेसासरे तर २०१५ च्या मुद्रा योजनेचा अर्ज घेऊन घरीच आले. या योजनेत ५० हजारांपर्यंतचे कर्ज ‘शिशू’ गटात मिळते, पुढे ‘किशोर’ आणि मग ‘तरुण’. माझ्या टकलाकडे एकवार पाहून ते गंभीरपणे म्हणाले, ‘‘जावईबापू, घाई करू नका. यंदा शिशू व्हा, तरुणाचे पुढे बघू.’’