‘गाओन’ आणि नावाआधीचं ‘डॉ.’

मानद डॉक्टरेट मिळाली की नावाआधी ‘डॉ.’ लावावं की नाही, हा वाद महाराष्ट्रात अधूनमधून पेटतो. जेरुसलेममध्ये बसून तो वाचताना हिब्रूतला ‘गाओन’ हा शब्द सारखा आठवतो. हजार वर्षांपूर्वी हे बिरुद म्हणजे नुसता मान नव्हता, नेमणूक होती.

इराकमधल्या सुरा आणि पुंबदिथा या ज्यू धर्मशास्त्राच्या दोन विद्यापीठांचा प्रमुख तो गाओन. मूळ बिरुद लांबलचक होतं, ‘याकोबाचं वैभव असलेल्या विद्यापीठाचा प्रमुख’. ‘याकोबाचं वैभव’ हे शब्द बायबलमधल्या 47व्या स्तोत्रातले. वापरता वापरता ‘गाओन’, म्हणजे ‘वैभव’, एवढंच उरलं. बायबलच्याच नीतिसूत्रांत मात्र हाच शब्द गर्वासाठी येतो. हा काळ परंपरेने इ.स. 589 ते 1038 धरतात.

अदार आणि एलूल या दोन हिब्रू महिन्यांत लांबलांबचे विद्वान विद्यापीठात जमत. गाओनसमोर दहा-दहा जणांच्या सात रांगा बसत. अदारमध्ये परमुलुखातून आलेले धर्मशास्त्राचे प्रश्न चर्चेला निघत, लेखनिक उत्तरं उतरवून घेई, महिनाअखेरीस ती सर्वांसमोर वाचली जात आणि मगच गाओन सही करी. अभ्यासात कच्चा निघालेल्याचं मानधन कापलं जाई. मिश्ना, म्हणजे ज्यूंच्या मौखिक धर्मनियमांचा संग्रह, कशी लिहिली गेली, असं उत्तर आफ्रिकेतल्या कैरवानहून विचारलं गेलं, तेव्हा शेरीरा गाओनने 987 मध्ये पिढ्यान्‌पिढ्यांच्या गुरूंचा इतिहासच लिहून पाठवला. सादिया तर इजिप्तचा, बाहेरचा. तरी मोडकळीला आलेलं सुरा सावरायला 928 मध्ये त्यालाच नेमलं.

पुढे शब्द पदापासून सुटत गेला. लिथुआनियातल्या विल्ना शहराचे एलियाहू (1720–1797) कोणत्याच पदावर नव्हते, तरी ‘विल्नाचे गाओन’ म्हणूनच ओळखले जातात. त्यांची विद्वत्ता निर्विवाद. पण आज जेरुसलेममधल्या मेआ शेआरीम या कर्मठ ज्यू वस्तीच्या भिंतींवरच्या पत्रकांत रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, नावाआधी सर्रास ‘हगाओन’ छापलेलं असतं, आणि हुशार पोरालाही लोक ‘गाओन’ म्हणतात. शब्द वाचून माणसाने काय केलं ते कळत नाही, हे मला खरं नुकसान वाटतं. कोकणातल्या बेने इस्रायलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, ‘काझी’ ही पदवी याउलट कामाला धरून होती: लग्नं लावणं, तंटे मिटवणं.

म्हणून ‘डॉ.’ लावावं की नाही यापेक्षा त्यासोबत काय छापावं हे ठरवू या. ‘मानद’ हा शब्द, देणारं विद्यापीठ आणि कोणत्या कामासाठी दिली ते. निमंत्रणपत्रिकेच्या एका ओळीत हे मावतं.