“सरळ फॉरमॅट मारा” म्हणणाऱ्या दादांना उत्तर

नमस्कार दादा,

घरच्या कॉम्प्युटरमधून व्हायरस आणि स्पायवेअर (चोरून माहिती पाठवणारे प्रोग्रॅम) कसे काढायचे, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं काल रात्री वाचलं, सकाळी पुन्हा वाचलं. नाशिकला अठरा वर्षं तुमचं दुरुस्तीचं दुकान आहे. तुम्हाला नुसतं “प्रतिक्रियेबद्दल धन्यवाद” म्हणून मोकळं होणं मला बरं वाटेना, म्हणून हे सविस्तर.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. स्कॅन करा, ब्राउझरला जोडलेली एक्स्टेन्शन काढा, पुन्हा स्कॅन करा, यात लोकांचे चार दिवस जातात. एकदा घुसलेलं पूर्ण निघालं याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. दीड तासात फॉरमॅट मारून, म्हणजे सगळं पुसून, विंडोज नव्याने टाकलं की विषय संपला. आणि विंडोजसोबत फुकट येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसवर विसंबायला सांगून मी लोकांना खड्ड्यात घालतोय.

खात्रीबद्दलचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. ते मी लेखात ठळकपणे लिहायला हवं होतं. २००५ सालची गोष्ट आहे. विंडोजमध्ये आपोआप काय सुरू होतं आणि काय चालू आहे ते दाखवणारी ऑटोरन्स आणि प्रोसेस एक्सप्लोरर ही साधनं तुम्हीही वापरत असाल. ती लिहिणारे मार्क रुसिनोविच यांना स्वतःच्याच मशीनमध्ये लपून बसलेला रूटकिट (स्वतःला विंडोजपासून दडवणारा प्रोग्रॅम) सापडला. आला कुठून, तर सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीतून. त्यांनी त्या फाइली हाताने उडवल्या, तर विंडोजमधून सीडी ड्राइव्हच दिसेनासा झाला. एवढ्या जाणकाराला हे भोगावं लागलं, तिथे घरी बसून रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगचा साठा) उकरणाऱ्याने काय करावं? सिस्टिममध्ये खोल मुरलेलं काही असेल, किंवा पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम एकदा चालून गेला असेल, तर साफसफाईच्या नादी न लागता विंडोज नव्याने टाकावं. इथे आपलं एकमत आहे.

पण “विषय संपला” हे मला पटत नाही. का, ते एका लॅपटॉपवरून सांगतो.

आमच्या इमारतीतल्या एका काकूंचा लॅपटॉप दिवाळीच्या आधी माझ्याकडे आला. ब्राउझर उघडला की भलतंच सर्च इंजिन, काही न करताही पंखा सतत घोंघावतोय. तीनच महिन्यांपूर्वी तो एका दुकानातून फॉरमॅट करून आणला होता. मी आधी विंडोज सिक्युरिटी उघडलं. डिफेंडर चालू, हिरवी खूण, सगळं आलबेल. मग खाली ‘एक्सक्लूजन्स’ उघडलं. कुठल्या जागा तपासायच्या नाहीत, याची ती यादी असते. तिथे एकच नोंद होती: अख्खा सी ड्राइव्ह. मी दोनदा बघितलं. ड्राइव्हवर पैसे न भरता विंडोज चालू करून देणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेटरचं फोल्डर तसंच पडलेलं होतं. डिफेंडरने त्याला पकडू नये म्हणून सगळ्या घराचीच तपासणी बंद करून ठेवलेली. विंडोज अपडेटही बंद.

आणि खरी हळहळ पुढे आहे. काकूंनी लॅपटॉपचं बिल जपून ठेवलं होतं. त्यावर विंडोज १० होम सिंगल लँग्वेज असं स्वच्छ लिहिलेलं, आणि मशीनवर होती प्रो ही वेगळीच आवृत्ती. विंडोज ८ पासून कंपनीतूनच विंडोजसकट आलेल्या लॅपटॉपची प्रॉडक्ट की (विंडोजचा परवाना क्रमांक) मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीनमध्येच, असते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तीच आवृत्ती टाकली की सेटअप ती प्रॉडक्ट की विचारतसुद्धा नाही आणि नेटला जोडलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. म्हणजे पैसे मोजून घेतलेलं अस्सल विंडोज पुसून त्या जागी चोरीचं बसवलं, वर फॉरमॅटचे पैसेही घेतले.

त्यातच नातवाच्या बारशाचे फोटो गेले. “डी ड्राइव्हला हात लावला नाही” असं दुकानात सांगितलं, ते खरंच होतं. फोटो डेस्कटॉपवर होते, आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो, हे काकूंना कोण सांगणार? जुनी हार्ड डिस्क होती म्हणून रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून मी दोन रात्री बसलो. काही फोटो मिळाले. काहींत वरच्या भागात पाळणा आणि बायकांचे चेहरे दिसतात, खाली नुसता राखाडी पट्टा.

तेव्हा दादा, फॉरमॅट हा शब्द कोणाच्या तोंडी आहे, यावर सगळं अवलंबून आहे. तुम्ही स्वच्छ इन्स्टॉलेशन करत असाल, बॅकअप विचारून घेत असाल. पण बऱ्याच ठिकाणी फॉरमॅट म्हणजे फक्त सी पुसायचा आणि डी वरच्या ‘सॉफ्टवेअर्स’ नावाच्या फोल्डरमधून जुने सेटअप (सॉफ्टवेअर बसवायच्या फाइली) परत चालवायचे. सॅलिटीसारखे व्हायरस प्रोग्रॅमच्या (ईएक्सई) फाइलींनाच चिकटतात, कुठल्याही ड्राइव्हवरच्या. तो जुना सेटअप डबल-क्लिक केला की आलं सगळं परत. म्हणून मी लिहिलं होतं की फोटो, वर्ड आणि पीडीएफ ठेवा, सेटअप मात्र एकही ठेवू नका. लागेल ते मूळ साइटवरून नव्याने उतरवा. हे मी आजही तसंच म्हणेन.

काकूंच्या मशीनवर शेवटी मीही विंडोज नव्यानेच टाकलं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल आणि ८ जीबीचा पेनड्राइव्ह, एवढंच लागलं. होम सिंगल लँग्वेज त्याने आपणहून निवडलं.

उलट बाजूही सांगतो, कारण प्रत्येक तक्रारीला फॉरमॅट लागत नाही. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात “तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले” असं सारखं येतं, ते पुष्कळदा व्हायरस नसतंच. कधीतरी एखाद्या साइटवर ‘अलाउ’ दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढली की अर्ध्या मिनिटात बंद.

पेनड्राइव्हचंही तसंच. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेनड्राइव्ह उघडावा तर फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट. मुलं घाबरून तो फॉरमॅट करतात आणि वर्षाचा प्रोजेक्ट घालवतात. प्रॉपर्टीजमध्ये बघितलं तर जागा भरलेली दिसते, म्हणजे फाइली आहेत, फक्त लपवल्यात. शॉर्टकटवर क्लिक न करता आधी डिफेंडरने पेनड्राइव्ह तपासायचा, मग फाइल एक्सप्लोररच्या पर्यायांतून लपलेल्या आणि सिस्टिमच्या फाइली दाखवायला सांगायच्या. फोल्डर जागच्या जागी असतात.

आता डिफेंडर. त्याला फुकटचा म्हणून हिणवू नका. विंडोज ८ पासून तो पुरा अँटिव्हायरस आहे. दुसरा अँटिव्हायरस टाकला की तो आपण होऊन बाजूला होतो. त्याचा ऑफलाइन स्कॅन मला सगळ्यात मोलाचा वाटतो: मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज चालू नसतानाच साधारण १५ मिनिटं तपासणी होते, त्यामुळे लपून बसणाऱ्याला आडोसा उरत नाही. जोडीला मालवेअरबाइट्स या सफाईच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती आणि त्यांचाच अ‍ॅडवक्लीनर. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं, तिथेही सफाईची साधनं मोफत मिळतात. पुण्याच्या क्विक हीलचं किंवा आणखी कुठलं पॅकेज कोणी विकत घेत असेल तर जरूर घ्यावं, माझी ना नाही. पण अपडेट बंद ठेवून वर महागडा अँटिव्हायरस बसवणं मला मान्य नाही. फाइली अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय मे २०१७ मध्ये आला, आणि ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं.

तुमच्या प्रतिक्रियेत एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि माझ्याही लेखात ती फार खाली गेली होती. आजकालचे चोर कॉम्प्युटरमध्ये मुक्काम करत नाहीत. क्रॅक केलेला गेम किंवा सॉफ्टवेअर चालवल्यावर थोड्याच वेळात ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी (तुम्ही आधीच लॉगिन केलंय हे साइटला सांगणाऱ्या नोंदी) घेऊन ते निघून जातात. कुकी हातात असली की पासवर्ड आणि ओटीपीशिवायही खातं उघडता येतं. त्यानंतर तुम्ही मशीन कितीही नीट फॉरमॅट करा, गेलेलं गेलेलंच असतं. म्हणून आधी हातातल्या मोबाइलवरून, त्या कॉम्प्युटरवरून अजिबात नाही, जीमेलचा पासवर्ड बदलायचा. गुगल खात्यात ‘युअर डिव्हाइसेस’ उघडून अनोळखी दिसेल त्यातून साइन आउट करायचं. जीमेलमध्ये कोणी मेल दुसरीकडे वळवणारं फॉरवर्डिंग किंवा फिल्टर लावून ठेवलाय का ते बघायचं. मग बँक, मग बाकीचं. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन. विंडोज संध्याकाळी टाकलं तरी चालेल.

हा परिच्छेद मी आज सकाळी लेखाच्या अगदी सुरुवातीला नेलाय. कुठल्या लक्षणांवर साफसफाई सोडून सरळ विंडोज नव्याने टाकावं, हेही वेगळं लिहिलंय. ते तुमच्या प्रतिक्रियेमुळे झालं.

तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढची दहा मशीन दुकानात येतील, तेव्हा पुसण्याआधी दोन गोष्टी वहीत टिपून ठेवाल का? बिलावर विंडोजची कुठली आवृत्ती आहे आणि मशीनवर कुठली निघाली, आणि डिफेंडरच्या एक्सक्लूजन्समध्ये काय सापडलं. ग्राहकांची नावं अर्थातच नकोत. मला पाठवलंत तर तुमचं टिपण तुमच्याच शब्दांत लेखात घालतो.