इडेस्टाम आणि लगद्याची गिरणी
नोकिया कंपनीवरच्या लेखात तिचे संस्थापक फ्रेड्रिक इडेस्टाम यांना ‘मोबाइलचे जनक’ म्हटलंय, ते काही पटलं नाही. ते खाण अभियंते. १८६५ मध्ये फिनलंडमधल्या टाम्परे शहरात त्यांनी उभारली ती लाकडाच्या लगद्याची गिरणी. साल काढलेले ओंडके फिरत्या दगडी चाकावर दाबायचे, वरून सतत पाणी. पाणी कमी पडलं की तंतू करपतात. दगडाला धार जास्त झाली की तुटतात. लिग्निन, म्हणजे लाकडातले तंतू चिकटवून ठेवणारा पदार्थ, लगद्यातच राहतं, म्हणून कागद लवकर पिवळा पडतो. तंतू आखूड, त्यामुळे मजबुतीसाठी चिंध्यांचा लगदा मिसळावा लागे. दुसरी गिरणी नोकिया गावाजवळ, तिथे पाण्याचा जोर होता. १८७१ मध्ये फिनलंडचे राजकारणी लिओ मेखेलिन यांच्यासोबत नोकिया कंपनी. आणि गंमत म्हणजे, कंपनीने वीजनिर्मितीत उतरायला इडेस्टाम यांचाच विरोध होता!